स्टेबल रिलीजकडून आपण नेमकी काय अपेक्षा ठेवायची?

वाचनालय_गिरगाव (धागाकर्ती)

मंडळी, गिरगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी संगणकांचं बघते. पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी, जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग आणि अभ्यासिकेतल्या मुलांसाठी इंटरनेट, असा सगळा व्याप आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमच्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही आणि नवीन मशीन घ्यायला निधी नाही. त्यामुळे सगळं लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचा विचार कार्यकारिणीत चालू आहे.

बैठकीत खजिनदारांनी विचारलं, "फुकटचं आहे, उद्या बंद पडलं तर धरायचं कोणाला?" त्यावर एक तरुण सभासद म्हणाला, "काळजी करू नका, आपण स्टेबल व्हर्जनच टाकणार, त्यात काही बिघडतच नाही." मला दोन्ही बोलणी पटली नाहीत. पहिल्यात ओपन सोर्सवर, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरवर, अन्याय आहे. दुसऱ्यात असं आश्वासन आहे की जे कोणीच देऊ शकत नाही, आणि पहिली अडचण आली की तेच आपल्या अंगावर येणार.

स्टेबल म्हणजे स्थिर म्हणून जाहीर केलेली आवृत्ती. तिच्याकडून काय मागायचं, ते माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. काल जे काम ज्या पद्धतीने झालं, ते उद्याही त्याच पद्धतीने व्हायला हवं. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मागता मिळायला हव्यात. आणि हे कुठल्या तारखेपर्यंत चालणार, ते आधीच लिहून दिलेलं हवं. आमच्या काउंटरवर बसणाऱ्या काकू बटणावरचं नाव वाचत नाहीत, बटणाची जागा ओळखतात. संध्याकाळी सहा ते आठ रांग लागते, तेव्हा पुस्तक परत घेतल्याची नोंद त्या स्क्रीनकडे जेमतेम बघून करतात. ते बटण एका सकाळी दुसरीकडे गेलं तर त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बिघडलंच, कोड कितीही शुद्ध असो.

ही अपेक्षा रास्त आहे का? की जे फुकट मिळतं त्याकडून एवढंही मागू नये? जाणकारांनी लिहावं. मला हे कार्यकारिणीपुढे मांडायचं आहे.

टर्मिनल_पवई

ताई, अपेक्षा पूर्ण रास्त आहे. नुसती रास्त नाही, डेबियनसारखे लिनक्सची वितरणं (वापरायला तयार संच) बनवणारे प्रकल्प नेमकं हेच देण्यासाठी वर्षानुवर्षं राबतायत.

तिथे काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण कार्यकारिणीला ते पटवून द्यावं लागेल. नवीन पॅकेज, म्हणजे बसवायला तयार केलेला प्रोग्राम, आधी अनस्टेबल या कच्च्या भांडारात येतं. काही दिवस त्यात गंभीर दोष निघाला नाही तर ते टेस्टिंगमध्ये सरकतं. मग रिलीजच्या आधी काही महिने टेस्टिंग गोठवतात. नवीन काही घ्यायचं नाही, फक्त दोष काढायचे. जे दोष असताना रिलीज करताच येत नाही, त्यांची वेगळी यादी असते आणि ती आटोक्यात आल्याशिवाय तारीख पक्की होत नाही. डेबियन १२ अशी १० जून २०२३ ला आली, डेबियन १३ ही ९ ऑगस्ट २०२५ ला. रिलीजनंतर तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, पुढे दोन वर्षं दीर्घकालीन सपोर्ट. खजिनदारांना म्हणावं, या तारखा जाहीर आहेत, टिपून ठेवा.

पण एक गोष्ट सगळे विसरतात. रिलीज नोट्स वाचणं हा आपल्या वाट्याचा भाग आहे. डेबियन १३ च्या नोट्समधल्या दोन गोष्टी थेट तुमच्या कामाच्या आहेत. एक, ३२-बिट पीसीसाठी आता इन्स्टॉलरच नाही. वाचनालयात एखादं फार जुनं मशीन असेल तर आधी प्रोसेसर बघा. दुसरी, टीएमपी हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर आता डिस्कऐवजी मेमरीत असतो आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकतो. तुम्ही जुनी पुस्तकं स्कॅन करता. स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर मोठ्या कच्च्या प्रतिमा टीएमपीत ठेवत असेल आणि मशीनला रॅम कमी असेल, तर मध्येच जागा संपल्याचा संदेश येईल. ही सेटिंग बदलता येते, पण ती आहे हे माहीत असायला हवं. नोट्समध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. बदल लपवला नाही, यालाच मी प्रामाणिक रिलीज म्हणतो.

आणखी एक. पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये 'स्टेबल' हा शब्द लिहू नका, 'ट्रिक्सी' हे डेबियन १३ चं नाव लिहा. नाहीतर पुढची डेबियन आली की तोच शब्द तिच्याकडे बोट दाखवायला लागतो. पॅकेजेस बसवणारं ॲप्ट विचारतं खरं, पण रांग लागलेली असताना माणूस 'हो' दाबून मोकळा होतो.

अक्षरजुळणी_लालबाग

मी छपाईतला माणूस. टर्मिनल यांचं पटतं, तरी दुसरी बाजू मांडतो. आम्ही मराठीत काम करणाऱ्यांनी स्टेबलमुळे खूप सोसलंय.

पानं लावण्यासाठी स्क्रायबस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्याच्या १.४ या स्टेबल मालिकेत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतच नसत. वेलांटी भलतीकडे, रफार सुटलेला. जुळणी सुधारली ती २०१७ च्या १.५.३ मध्ये, आणि १.५ ही सगळी मालिका विकासाधीन होती. कामासाठी वापरू नका, असं बनवणारेच सांगत होते. शिवाय १.५ मध्ये सेव्ह केलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही. म्हणजे इंग्रजी छापणाऱ्याला स्टेबल होतं आणि मराठी छापणाऱ्याला नव्हतं. १.६ जानेवारी २०२४ मध्ये आलं तेव्हा कुठे आम्हाला स्टेबलवर काम करता आलं. मधली सगळी वर्षं आम्ही जीव मुठीत धरून अस्थिर आवृत्तीवर पोट भरलं. स्टेबल कोणासाठी, हा प्रश्न मी म्हणूनच विचारतो. ज्या भाषेचे टेस्ट करणारे कमी, तिचे दोष रिलीज अडवणाऱ्या यादीत जातच नाहीत.

आता याच्या उलट अनुभवही ऐका. मागे एका दिवाळी अंकाचं काम चालू होतं. मजकूर लावून झाला, अनुक्रमणिका झाली, प्रूफं संपादकांकडून आली. त्या रात्री एका मशीनवर सगळं अपडेट झालं. त्यात फॉन्टची नवीन आवृत्ती आली आणि तिच्यात अक्षरांची रुंदी जराशी बदललेली. सकाळी पानं उघडली तर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटलेल्या, एका कथेचा शेवटचा परिच्छेद पुढच्या पानावर, आणि तिथून पुढे सगळे पानक्रमांक सरकलेले. अंक सोळा पानांच्या फॉर्म्यात बसवलेला असतो. एक पान वाढलं की नुसतं पान वाढत नाही, कागदाचा आणि बाइंडिंगचा सगळा हिशोब बदलतो. जाहिरातदाराला दिलेली उजव्या हाताची जागा डावीकडे गेली ती वेगळीच.

म्हणून माझी अपेक्षा ताईंपेक्षा जास्त कडक आहे. नुसती फाइल उघडणं पुरेसं नाही, ती तशीच दिसायला हवी. फॉन्ट आणि अक्षरजुळणीची लायब्ररी स्टेबलच्या आयुष्यात हलवू नये. हल्ली आमच्याकडे गणपतीपासून दिवाळीपर्यंत एकाही मशीनवर सुरक्षेशिवाय दुसरं अपडेट जात नाही.

यात युनिकोडवाल्यांचं, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्यांचं, मला फार कौतुक वाटतं. १९९६ च्या २.० आवृत्तीपासून त्यांचा नियम आहे, एकदा दिलेलं अक्षर काढायचं नाही, जागेवरून हलवायचं नाही. आमच्याकडे जुन्या खासगी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आहे, तो फॉन्ट नसेल तर ती नुसती चिन्हं. युनिकोडमधला त्याच काळातला मजकूर आजही कुठेही वाचता येतो. स्थैर्य असावं तर असं.

डोंबिवली_फास्ट

मी अजून शिकतोय, त्यामुळे प्रश्न साधा आहे. डेबियनच्या स्टेबलमध्ये एक छोटा दोष सापडला. शोधलं तर तो मूळ प्रकल्पात कधीच दुरुस्त झालेला होता. पण स्टेबलमध्ये ती दुरुस्ती नाही. उत्तर तयार असताना आम्ही दोन वर्षं तो दोष का वापरायचा?

टर्मिनल_पवई

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर सगळ्यांना आवडत नाही. स्टेबलमध्ये साधारण दोनच कारणांनी हात घालतात. सुरक्षेचा दोष असेल तर, किंवा माहिती नष्ट होणं, प्रोग्राम अजिबात न चालणं असं काही गंभीर असेल तर. किरकोळ दोष तसाच राहतो, कारण त्याची दुरुस्ती दुसरीकडे काय मोडेल ते कोणी एवढ्या बारकाईने तपासलेलं नसतं. माहीत असलेल्या दोषाला बगल देऊन काम करता येतं. नवीन दोष कधी येईल ते सांगता येत नाही.

याला अपवाद आहेत. ब्राउझर घ्या. फायरफॉक्समध्ये सुरक्षेच्या इतक्या दुरुस्त्या येतात की जुन्या कोडवर त्या बसवणं अशक्य होतं. म्हणून डेबियन स्टेबलमध्येही फायरफॉक्सची ईएसआर (जास्त काळ सपोर्ट असलेली) आवृत्ती साधारण वर्षाने बदलते. ताई, अभ्यासिकेतल्या मुलांना आधीच सांगून ठेवा, ब्राउझरचं रूप मध्येच बदलेल.

तुला तो दोष फारच छळत असेल तर बॅकपोर्ट्स नावाचं, स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या देणारं वेगळं भांडार आहे. तेवढं एकच पॅकेज तिथून घे. सगळी सिस्टिम टेस्टिंगवर नेऊ नकोस.

बीकेसी_रात्रपाळी

सुरक्षेच्या दुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करायला हवा. त्यापायी मी ऑडिटवाल्यांशी अनेकदा वाद घातलाय.

एप्रिल २०१४ मधला हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष आठवा. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलच्या १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्यांत तो दोष होता आणि १.०.१जीमध्ये दुरुस्त झाला. डेबियनच्या तेव्हाच्या स्टेबलमध्ये १.०.१ई होती. त्यांनी १.०.१जी दिली नाही. दुरुस्तीच्या तेवढ्या ओळी जुन्या कोडमध्ये बसवल्या आणि पॅकेजचा क्रमांक १.०.१ई-२+डेब७यू५ असा केला. ज्याने नुसतं '१.०.१ई' वाचलं तो म्हणाला धोका आहे. ज्याने शेवटचं 'यू५' वाचलं त्याला कळलं की दुरुस्ती आली.

तपासणीची कितीतरी साधनं आजही सुरुवातीचाच क्रमांक वाचतात आणि लाल रेघ मारतात. मग वरून निरोप येतो, "लेटेस्ट टाका." लेटेस्ट हाताने बसवलं की ते पॅकेज वितरणाच्या सुरक्षा दुरुस्त्यांमधून बाहेर पडतं आणि पुढच्या वेळी आपल्याला कोणी कळवतही नाही. सुरक्षेच्या नावाखाली आपणच दार उघडं टाकतो. मी आता अहवालाबरोबर पॅकेजच्या चेंजलॉगमधली (बदलांच्या नोंदवहीतली) ती नोंद आणि डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवरचं त्या दोषाचं पान जोडून देतो. ताई, तुमच्याकडे कोणी तपासायला आलं तर हेच करा.

रोलिंग_मुलुंड

माझं मत सगळ्यांहून वेगळं आहे. मी वर्षानुवर्षं आर्च हे सतत अपडेट होणारं लिनक्स वापरतो. रोज थोडं थोडं बदलतं, त्यामुळे काही मोडलं तर कशामुळे ते लगेच सापडतं. तुमच्या स्टेबलमध्ये दोन वर्षांचे बदल एका रात्रीत अंगावर येतात. त्या काकूंची सगळीच बटणं एकदम हलणार, त्याचं काय?

शिवाय स्टेबल म्हणजे सुरक्षित हे मला मान्य नाही. डेबियननेच २००६ मध्ये ओपनएसएसएलमध्ये स्वतःचा बदल केला आणि त्याने रँडम आकड्यांचा कणाच मोडला. तो दोष स्टेबलमधून लोकांपर्यंत गेला आणि मे २००८ मध्ये उघड झाला. तोवर तयार झालेल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या अंदाजाने काढता येत होत्या. जगभर लोकांना त्या बदलाव्या लागल्या.

पॅकेज_ठाणे

रोलिंग, २००८ चं खरं आहे, ते कोणी नाकारू नये. पण २९ मार्च २०२४ ही तारीखही सांगायला हवी. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम चोरवाट घातलेली होती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या संगणकावर) लॉगिन होताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो मागे लागला आणि हे उघडकीला आलं. ज्या मशीनवर त्याला ते दिसलं ती डेबियन अनस्टेबल होती. स्टेबलमध्ये तेव्हा ५.४.१ होती, तिथे ते पोहोचलंच नाही. यात अनस्टेबल वापरणाऱ्यांचे उपकारच आहेत. ते पुढे चालतात म्हणून मागच्यांना खड्डा कळतो. फक्त वाचनालयाने त्या पुढच्या रांगेत असू नये.

मी स्वतः एक छोटं ओपन सोर्स पॅकेज सांभाळतो. नोकरी करून, रात्री. त्यामुळे खजिनदारांच्या प्रश्नाला माझ्या बाजूने उत्तर देतो. जीपीएल या ओपन सोर्स परवान्यात स्पष्ट लिहिलंय की हे जसं आहे तसं दिलं आहे, कुठलीही हमी नाही. कायद्याने मला धरता येत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कोणीच काही फुकट देणार नाही. पण कायदा संपतो तिथे माझी जबाबदारी संपते असं मी मानत नाही. मी एखाद्या आवृत्तीला स्टेबल म्हटलं की त्या मालिकेत कुठलंही फंक्शन काढत नाही, आधीच्या फाइली वाचल्या जातील हे बघतो, आणि काही मोडणार असेल तर पहिला आकडा वाढवतो. पहिला आकडा बदलला नाही तर डोळे मिटून घ्या, एवढा भरवसा मला द्यायचाच आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हाच आग्रह धरतात. कर्नेल बदलल्यामुळे लोकांचे चालते प्रोग्राम बंद पडले तर दोष कर्नेलचा, प्रोग्रामचा नाही.

तरी चूक होते. पोस्टग्रेससारख्या शिस्तीच्या प्रकल्पाकडून १४ नोव्हेंबर २०२४ ला १७.१ ही दुरुस्ती आवृत्ती आली आणि तिच्यामुळे काही एक्स्टेंशन (वरून जोडलेले भाग) अडखळली. त्यांनी लगेच लोकांना सावध केलं आणि २१ नोव्हेंबरला १७.२ दिली. मला एवढं पुरे आहे. चूक झालीच नाही पाहिजे असं मी कोणाला म्हणणार नाही. ती मान्य व्हावी आणि पटकन निस्तरावी, हे मात्र मागणार.

ज्याचा मला राग येतो ते वेगळंच. कच्चं सॉफ्टवेअर पूर्ण आकडा लावून बाहेर सोडायचं, म्हणजे लोक वापरतील आणि दोष आपोआप कळतील. जानेवारी २००८ मध्ये लिनक्सवरचा डेस्कटॉप केडीई ४.० असंच आलं. बनवणारे म्हणत होते, हा फक्त पाया आहे, नेहमीच्या वापरासाठी नाही. पण लोकांनी ४.० हा आकडा वाचला, वितरणांनी ते लोकांच्या डेस्कटॉपवर नेलं, आणि रोजच्या सोयी गायब झालेल्या बघून लोक चिडले. पुढच्या आवृत्त्या चांगल्या झाल्या, पण विश्वास परत मिळवायला त्यांना वर्षं लागली. बीटा म्हणायला लाज कसली? बीटा म्हणा, तपासणारे येतील. वाचनालयाच्या काउंटरवर तपासणी करू नका.

आणि अक्षरजुळणी, तुमचा मुद्दा मला लागला. माझ्या पॅकेजच्या चाचण्यांत देवनागरीची एकही ओळ नाही. तुम्ही जोडाक्षरांचे, रफाराचे, 'ऱ्या'चे नमुने दिलेत तर या आठवड्यात घालतो. मग ते मोडलं की रिलीजच अडेल.

अक्षरजुळणी_लालबाग

देतो. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो, दोन्ही पाठवतो. 'ह्र', 'द्ध', 'ङ्क' पण घ्या.

कॉलेज_सर्व्हर

उशिरा आलो. तारखेच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना. आमचे सर्व्हर सेंटओएस ८ या लिनक्स वितरणावर होते, २०२९ पर्यंत निर्धास्त राहू या हिशोबाने. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीलाच संपणार. प्रवेशांच्या धामधुमीत सगळं हलवायची वेळ आली. नंतर त्याच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले म्हणून निभावलं, आणि ते येऊ शकले कारण कोड खुला होता. म्हणून तारीख बघताना ती देणारा कोण आहे तेही बघा. निर्णय एका कंपनीच्या हातात आहे, की डेबियनसारखा स्वयंसेवकांच्या मतदानाने चालणारा प्रकल्प आहे?

वाचनालय_गिरगाव (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. मला हवं होतं त्यापेक्षा खूप जास्त मिळालं.

काल सगळ्या मशीनचे प्रोसेसर बघितले. एक ३२-बिट निघालं. ते इंटरनेटला न जोडता फक्त पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं छापायला ठेवू. बाकीच्यांवर डेबियन १३, सोर्सेसमध्ये 'ट्रिक्सी'. स्कॅनिंगच्या मशीनवर टीएमपी परत डिस्कवर नेणार.

देवघेवीसाठी कोहा हे ग्रंथालयाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेण्याचं जवळजवळ ठरलंय. तेही एका ग्रंथालयासाठीच बनलेलं, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी. जानेवारी २००० मध्ये ते तिथे सुरू झालं, कारण त्यांची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा पेलणार नव्हती. कोहाची मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, मधे दुरुस्त्या येत राहतात. मी दुरुस्त्या घेत जाईन. मोठी आवृत्ती मात्र आधी आतल्या मशीनवर, डेटाची प्रत घेऊन. काकू तिथे बसून नेहमीची नोंद करून बघतील आणि त्यांनी हो म्हटलं तरच काउंटरवर जाईल. रोलिंग यांच्या शंकेवर मला दुसरा उपाय दिसत नाही.

खजिनदारांना मी सांगणार आहे की धरायला कोणी नाही, पण विचारायला लोक आहेत. लिहिलेल्या तारखा आहेत, आणि उद्या हा प्रकल्प बंद झाला तरी आपली पुस्तकांची यादी आपल्याच हातात राहते. सभासदांना शिकवण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले लिब्रेऑफिसचे (मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचे) मराठी धडे लावणार आहोत.

डोंबिवली_फास्ट, बसवायच्या दिवशी मदतीला येणार का? चर्नी रोडला उतरून पाच मिनिटं. रविवारी वाचनालय बंद असतं, तेव्हाच करू.

डोंबिवली_फास्ट

येतो ताई. पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर घेऊन येतो, आणि तुमच्या प्रिंटरचं मॉडेल आधी कळवा. तो ट्रिक्सीत चालतो का ते बघून ठेवतो.